बाजारात तुरी आणि आमच्या घरात ग्राफिक्स कार्ड

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडे जेवढी भांडणं झाली ती सगळी एका ग्राफिक्स कार्डावरून (कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र तयार करणारा वेगळा भाग), आणि गंमत म्हणजे ते कार्ड आजही घरात आलेलं नाहीये. माझा मुलगा अथू म्हणतो बारा जीबी मेमरीचंच पाहिजे, त्याचा मित्र फोनवरून सांगतो की आठ जीबीचं नवीन घे पण जुनं बारा नको, आणि ह्यांचं एकच टुमणं की एवढ्या पैशात माझी पहिली स्कूटर आली होती. शेवटी सासूबाई देवघरातून ओरडल्या, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, आधी कॉम्प्युटर तरी आणा घरात!" त्यांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नपत्रिकेचाच एखादा प्रकार वाटतो, पण खरं सांगते, इतक्या दिवसांत मिळालेला सगळ्यात शहाणा टेक्निकल सल्ला तोच होता. कसा ते सांगते, जरा लांबण लागेल.

मी इंदूरला सुदामा नगरात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नाच्या मुंजीच्या पत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, कोणाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका, असलं सगळं. कोरल ड्रॉमध्ये निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे घरात कॉम्प्युटर हे खातं माझं आणि गीझर-इन्व्हर्टर हे ह्यांचं. अथू ह्या वर्षी इथल्याच एका कॉलेजात आर्किटेक्चरला लागला आणि लागल्याबरोबर त्याला गेमिंग पीसी पाहिजे झाला, म्हणजे तोंडाने म्हणायचं रेंडरिंगसाठी (कॉम्प्युटरवरच्या मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं). मी पण एका वयात "अभ्यासाला" म्हणून वॉकमन मागितला होता, मला काय कळत नाही का.

माझ्या नणंदेची मुलगी सई भोपाळला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला फोन केला. ती म्हणाली मामी पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कटर आणि फेव्हिकॉल एवढंच लागतं, मान आणि बोटं दुखतात, कॉम्प्युटर नाही. मग हळूहळू ऑटोकॅड आणि स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं सुरू होतात, त्याला बरा प्रोसेसर आणि रॅम असली की चालून जातं, आणि खरं रेंडरिंग, म्हणजे लुमियन, एन्स्केप वगैरे, ते नंतर येतं आणि तेव्हा मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर रडायची पाळी येते. म्हणजे बघा, कार्ड लागणार आहे हे नक्की, पण आज नाही, साधारण दीड-दोन वर्षांनी, आणि पाच वर्षांच्या कोर्समध्ये दीड वर्ष म्हणजे तोपर्यंत बाजारात काय काय येऊन जाईल. मग आजच कार्डासाठी पैसे अडकवायचे कशाला? आज अशी मशीन घ्यायची की ज्यात उद्या कार्ड बसेल. एवढं साधं आहे, आणि तरी ह्यातच सगळी मेख आहे, कारण "बसेल" हा शब्द दुकानदार फार सहज वापरतात.

हे मी अनुभवाने सांगून राहिले. (हो, "सांगून राहिले". आमची इंदूरची मराठी अशीच आहे, पुण्याच्या वहिनी दरवेळी हसतात, हसू दे.) २०१९ मध्ये मी माझ्या कामासाठी एका नावाजलेल्या कंपनीचा सेकंडहँड डेस्कटॉप घेतला होता, ऑफिसांमधून निघालेला, आडवा, चपटा, टेबलावर सुबक दिसायचा. घेताना विचारलं होतं, पुढे ग्राफिक्स कार्ड लागेल का, तर विकणारा म्हणाला "हओ मैडम, स्लॉट है ना". स्लॉट होताच, खोटं नाही बोलला तो. सहा महिन्यांनी ऑनलाइन कार्ड मागवलं, झाकण उघडलं, कार्ड खाचेत बसलं आणि झाकण काही लागेना, कारण त्या चपट्या खोक्यात फक्त अर्ध्या उंचीचं, लो प्रोफाइल म्हणतात ते कार्ड मावतं. बरं म्हटलं झाकण उघडं ठेवून चालवू, तर कार्डाला वेगळी सहा पिनची पॉवर पाहिजे आणि ह्या खोक्याच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) तसली वायरच नाही. बरं म्हटलं एसएमपीएसच बदलू, तर मदरबोर्डाचा (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) कनेक्टर सगळीकडे असतो तसा चोवीस पिनचा नाही, त्या कंपनीचा आपला स्वतःचा वेगळाच. तीन ठिकाणी तीन कुलपं. कार्ड परत करायची मुदत तोवर संपली होती, शेवटी ते ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाला कमी किमतीत दिलं आणि मला वर्षभर टोमणे मिळाले.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, कुठलाही कॉम्प्युटर दाखवला की आधी म्हणते झाकण उघडा. प्रोसेसर नंतर सांगा.

तरी ह्या वेळीही आधी सेकंडहँड बघितले, कारण स्वस्त असतात हे नाकारता येत नाही. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर, कंपन्यांनी लीज संपल्यावर काढलेले, ढिगाने मिळतात. ज्याला फक्त टॅली आणि इंटरनेट पाहिजे त्याने खुशाल घ्यावा. पण आमच्यासाठी दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि जे खरोखर स्वस्त मिळतात ते नेमके सहाव्या-सातव्या जनरेशनचे. जुगाड करून टाकून देतात, "इलेव्हन चढा देंगे", पण पाच वर्षांच्या कोर्सला मी जुगाडावर मुलाला बसवणार नाही. दुसरी अडचण तीच, पॉवर. मदरबोर्डावरची ग्राफिक्सची लांब खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देते, त्याच्या वर पाहिजे तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यायला हवी, सहा पिनची असेल तर अजून ७५ आणि आठ पिनची असेल तर १५०. असल्या ऑफिसच्या मशीनमध्ये बहुतेक ती वायर नसतेच, मग तुम्ही ७५ वॅटच्या आतल्या कार्डांमध्ये अडकता. उभा, पूर्ण उंचीचा टॉवर असेल तर त्यात आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं बसू शकतं, ते ७० वॅटचं आहे आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्याच्यापेक्षा स्वस्त म्हणून लोक आरएक्स ६४०० घेतात, पण ते खाचेतल्या डेटा ये-जा करायच्या सोळा रांगांपैकी चारच वापरतं, नव्या बोर्डावर खपून जातं आणि जुन्या पीसीआय ३ च्या (म्हणजे आधीच्या पिढीच्या, हळू खाचेच्या) बोर्डावर त्याचा दम निघतो, आणि वर त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आकसून सेव्ह करणारा भाग) पण नाही. म्हणजे जुन्या मशीनसाठी स्वस्त कार्ड शोधायचं आणि तेच नेमकं जुन्या मशीनवर रडणार.

आणि मिनी पीसी किंवा ऑल-इन-वन दाखवले तर पुढेच जा, त्यात ग्राफिक्सची खाच नसतेच म्हटलं तरी चालेल.

मग एका शनिवारी मी आणि अथू आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेलो. इंदुरात कॉम्प्युटर म्हटलं की सिल्व्हर मॉल, वर्षानुवर्षं माझी शाई, टोनर, कीबोर्ड तिथूनच येतात. गाडी लावायला जागा मिळाली की निम्मं काम झालं समजायचं. पहिल्या दुकानात आम्हाला तयार असेंबल्ड मशीन दाखवली, काचेचा कॅबिनेट, आत चार रंगीत पंखे, एकदम नवरात्रीतली रोषणाई. अथूचे डोळे चमकले. "मैडम ये ले जाओ, फोर जीबी ग्राफिक है, बच्चा खुश हो जाएगा." मी विचारलं कुठलं कार्ड, तर जीटी ७३०. अरे भाऊ, हे २०१४ चं कार्ड आहे! चार जीबी काय करायचेत, म्हाताऱ्या बैलाला मोठी घंटा बांधली म्हणून तो पळणार आहे का. कार्डाची मेमरी किती हे एकटं विचारणं म्हणजे गाडी कशी आहे ते डिकी बघून ठरवणं, पण आपल्याकडे विकतात ते असंच, चार जीबी, आठ जीबी, आणि कार्डाचं नाव हळू आवाजात.

मग मी म्हटलं एसएमपीएस दाखवा. "पाँच सौ वॉट है मैडम, कैबिनेट के साथ फ्री." फ्री म्हटलं की माझे कान टवकारतात. त्याने बाजूची पत्र्याची झडप उघडली, मी चष्मा लावून लेबल वाचलं. आता हे ज्याला कळत नाही त्याने नीट वाचा कारण सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं गणित हे एवढंच आहे. एसएमपीएसवर एक तक्ता छापलेला असतो, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. ह्या पाचशे वॅटवाल्यावर १२ व्होल्टखाली १४ अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. म्हणजे खऱ्या उपयोगाचे १६८ वॅट आणि वर मोठ्या अक्षरात ५००! आरटीएक्स ३०६० कार्ड एकटंच १७० वॅटचं असतं, प्रोसेसर मग काय हवा खाणार. मी हे गणित मोठ्याने केलं तर काउंटरवरचा दुसरा मुलगा हसायला लागला आणि मालक म्हणाला, "मैडम आप क्या करती हो?" मी म्हटलं पत्रिका छापते.

खाली उतरून दुसऱ्या दुकानात गेलो, माझा ओळखीचा आहे, कमी बोलतो आणि चहा पाजतो. त्याला सांगितलं की कार्ड आज घ्यायचं नाही, दीड वर्षांनी घेणार, पण मशीन अशी पाहिजे की त्या दिवशी फक्त एक स्क्रू काढून पट्टी काढायची आणि कार्ड घालायचं, बाकी काही बदलायला लागता कामा नये. तो म्हणाला, "ऐसे कोई बोलता नहीं, सब उल्टा बोलते हैं, कार्ड अच्छा दे दो बाकी कुछ भी लगा दो." आणि मग आम्ही कागद घेऊन बसलो.

एसएमपीएस आधी लिहिला. ५५० वॅटचा, ब्रॉन्झ सर्टिफिकेटचा (वीज कमी वाया घालवतो ह्याचं), बारा व्होल्टवर जवळपास पूर्ण पॉवर देणारा, आणि आठ पिनच्या (सहा अधिक दोन असा जोड असतो) वायरी असलेला. आरटीएक्स ३०६० आणि ४०६० दोन्ही कार्डांसाठी ती बनवणारी एनव्हिडिया कंपनी ५५० चाच सांगते, तेव्हा ह्या दर्जाच्या कार्डापर्यंत काळजी नाही. एवढ्या पैशात त्या फ्रीवाल्यासारखे चार आले असते, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि व्होल्टेज आपल्या मर्जीने नाचतं, हलका एसएमपीएस मरतो तेव्हा कधीकधी बोर्डाला सोबत घेऊन जातो.

प्रोसेसरमध्ये एका अक्षरावरून आमचं भांडण झालं. अथूला इंटेलचा आय५ १२४००एफ पाहिजे होता कारण स्वस्त. शेवटचा एफ म्हणजे त्यात आतलं ग्राफिक्स नाही. अरे मग कार्ड येईपर्यंत दीड वर्ष स्क्रीनवर काय बघणार, सत्यनारायण? बिनएफचा १२४०० घेतला, सहा कोअर, बारा थ्रेड, आत यूएचडी ७३० नावाचं साधं ग्राफिक्स, ऑटोकॅडच्या टू-डी कामाला आणि छोट्या स्केचअप मॉडेलला पुरतं. आणि उद्या नवं कार्ड बिघडलं, सर्व्हिसला गेलं, तरी मशीन बंद पडत नाही, हा फायदा लोक मोजतच नाहीत. दुकानदाराने एएमडी कंपनीचा रायझन ५६००जी पण सुचवला होता, त्याचं आतलं ग्राफिक्स ह्याच्यापेक्षा बरंच चांगलं आहे, ज्याला कार्ड कधीच घ्यायचं नसेल आणि थोडं फार खेळायचं असेल त्याने तोच घ्यावा असं माझं मत. पण तो पीसीआय ३ वरच थांबतो, बोर्ड कितीही नवा लावा. आमची सगळी मदार पुढच्या कार्डावर, म्हणून इंटेल.

रॅमचं विचारूच नका. दसऱ्याला जो भाव विचारून आले होते तो आता ऐकला तर मी म्हटलं सोनं सांगताय की रॅम. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी ओढून घेतली आहे, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशलच्या नावाने किरकोळ बाजारात विकणंच बंद करायचं जाहीर केलं. मग आम्ही काय केलं, बोर्ड डीडीआर४ वाला (रॅमचा जुना प्रकार, माझ्या मशीनमध्ये आहे तोच) घेतला आणि रॅमच्या चार खाचांचा, बी७६० चिपसेटचा. इथे सांभाळा, एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींत येतो, नावात डी४ आहे का बघून घ्या, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. रॅमची आठ जीबीची एक कांडी नवी घेतली आणि एक माझ्या मशीनमधून काढली, माझ्याकडे दोन होत्या, पत्रिकांना एक पुरते (पुरत नाही खरं म्हणजे, पण आई आहे ना मी). माझी जुनी २६६६ च्या वेगाची होती म्हणून दोन्ही २६६६ वरच चालतात, चालू दे, पण दोन कांड्या असल्यामुळे दोन चॅनलनी (एकदम दोन वाटांनी) चालतात आणि आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उचलतं, तर त्याला ह्याचा फार फरक पडतो. भाव उतरले की उरलेल्या दोन खाचा भरू.

कॅबिनेट अथूच्या मनाविरुद्ध घेतला, समोरून जाळीचा. काच नाही, रोषणाई नाही. मी घरून शिवणाची टेप घेऊन गेले होते, दुकानातच मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत मोजलं, तेहतीस सेंटिमीटर भरलं. तीन पंख्यांची कार्डं तीस सेंटिमीटरच्या आसपास जातात आणि जाडीला दोन-अडीच खाचांची जागा खातात, आमच्या बोर्डावर वरच्या लांब खाचेखाली तेवढी मोकळी जागा आहे. खाली अजून एक लांब खाच दिसते, तिच्या नादी लागू नका, लांबी सोळाची असली तरी आत तारा चारच्याच आहेत.

मॉनिटर माझा जुना. यूपीएस पण जुना, ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅट, आत्ता निवांत चालतो, कार्ड आल्यावर तो कण्हायला लागेल तेव्हा बघू. सगळं मिळून ४५ हजारांच्या आत बसलं, आणि कार्डाचे म्हणून जे पंचवीस बाजूला काढले होते ते मी पोस्टात टाकून आले. पावती माझ्याकडे आहे, अथूकडे नाही.

आता कार्ड कुठलं, तर ते भांडण अजून चालूच आहे पण आवाज खाली आलाय. सई म्हणते एनव्हिडियाच घे, आर्किटेक्चरच्या मुलांची सॉफ्टवेअरं त्यावर कमी कटकट करतात. अथू आता ब्लेंडर हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर शिकून राहिलाय, ते फुकट आहे म्हणून मला फार आवडतं, त्यात पण एनव्हिडियाला कार्डाकडून रेंडर करून घ्यायच्या क्यूडा आणि ऑप्टिक्स ह्या दोन्ही पद्धती मिळतात, एएमडीची कार्डं एचआयपी ह्या त्यांच्या पद्धतीवर चालतात पण सगळी जुनी नाही. बारा जीबीचा त्याचा हट्ट मात्र बरोबर आहे हे मला नंतर कळलं, मोठ्या बिल्डिंगचा सीन, झाडं, टेक्स्चर, सगळं कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर रेंडर रखडतं, कार्ड कितीही वेगवान असो. सेकंडहँड कार्डाला मी तूर्त नाही म्हटलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं) बंद झालं तेव्हा रात्रंदिवस घासलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली अजून फिरतात, पुसून चकचकीत करून. आरएक्स ५८० म्हणून विकतात त्यात तर २०४८ एसपी असा एक प्रकार आहे, नाव ५८० चं आणि आतला माल ५७० चा.

मशीन घरी येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी कॅबिनेटवर हळदकुंकू लावलं, जाळीत कुंकू गेलं, ते मी ब्रशने काढलं. अथू दिवसा ड्रॉइंग बोर्डावर वाकून असतो, सई म्हणाली तसंच, बोटांना फेव्हिकॉल. रात्री तो झोपला की मी त्याच्या मशीनवर बसते. माझी आठ जीबीची कांडी गेल्यापासून माझ्या मशीनवर कोरल फार वेळ घेतं, आणि लग्नसराई सुरू आहे, परवा एकाच रात्रीत तीन पत्रिका काढल्या. सकाळी त्याने विचारलं, आई माझ्या डेस्कटॉपवर "चि. सौ. कां. फायनल फायनल २" ही फाइल कोणाची आहे.